समोरच्याचा विमा तोकडा असेल तर भरपाई कुठून?

केज शहरात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. एक मांजरसुंब्याकडून येऊन अंबाजोगाईकडे जातो, दुसरा कळंबकडून येऊन धारूर-माजलगावकडे. दोन्ही आता राष्ट्रीय महामार्ग झाले आहेत. रस्ते सिमेंटचे झाले, गाड्यांचा वेग वाढला, पण त्यावरून जाणारी वाहने पूर्वीचीच राहिली. दिवाळीच्या सुमारास ऊसाचा हंगाम लागला की डबल ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे जात असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टरची पट्टी लावलेली असली तरी ती बाहेर आलेल्या ऊसाखाली झाकली जाते. विमा संपलेल्या मोटारसायकली, नावावर न झालेले टेम्पो आणि भाड्याच्या जीपही याच रस्त्याने जातात. यांपैकी कोणी एखाद्याच्या कारला धडक दिली, माणसे सुखरूप राहिली, पण गाडीचे लाख-दीड लाखाचे नुकसान झाले, तर ते पैसे कोणी द्यायचे? कायद्याचे उत्तर सोपे आहे: ज्याची चूक, त्याने. मात्र त्याच्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल, तर हे उत्तर कागदावरच राहण्याची भीती असते. माझे म्हणणे असे की हे पैसे मिळवण्याचे मार्ग कायद्यात आहेत, पण ते अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उघडे असतात. चूक करणाऱ्याचे वाहन पोलीस ठाण्याच्या आवारात उभे असते तेव्हा नुकसानग्रस्ताच्या हाती जेवढे बळ असते, तेवढे नंतर कोणत्याही हुकूमनाम्याने येत नाही. आपले लोक मात्र नेमके हेच दिवस गॅरेज आणि विमा एजंट यांच्या फेऱ्यांत घालवतात.

आधी विम्याची रचना पाहू, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. सक्तीच्या विम्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १९४६ साली लागू झाले, आणि १९८८च्या कायद्यात कलम १४६ व १४७ने ती सक्ती कायम राहिली. या सक्तीचा रोख पहिल्यापासून माणसांवर आहे. मृत्यू किंवा इजा झाली तर विमा कंपनीची जबाबदारी रकमेने बांधलेली नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र १९८८च्या कायद्यात अवघ्या ६,००० रुपयांची मर्यादा होती. प्रत्यक्ष पॉलिसीत ती जास्त असते: कार व व्यापारी वाहनांना साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. पण थोड्या प्रीमियमची सूट घेऊन ही मर्यादा पुन्हा ६,००० वर आणण्याची सोयही पॉलिसीत ठेवलेली आहे. पॉलिसीच्या कागदावर तळाशी ‘आयएमटी’ असे लिहून पुढे काही आकडे दिलेले असतात. त्यांत २० हा आकडा दिसला की समजावे, या वाहनाने तुमच्या गाडीचे कितीही नुकसान केले तरी विमा कंपनी मालमत्तेपोटी ६,००० पर्यंतच बांधील आहे. मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसते, पण मालमत्तेची मर्यादा कळत नाही. त्यासाठी पॉलिसीच पाहावी लागते.

म्हणजे आपल्याकडे ‘तोकडा विमा’ तीन तऱ्हांचा असतो. पहिली तऱ्हा म्हणजे विमाच नाही. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार देशातली सुमारे ५६ टक्के वाहने विम्याविना आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच घ्यावा लागतो. ती मुदत संपली की मात्र पुढचे सगळे मालकाच्या मर्जीवर असते. दुसरी तऱ्हा म्हणजे विमा आहे, पण मालमत्तेची मर्यादा तुटपुंजी आहे. तिसरी तऱ्हा केज भागात सर्वांत महत्त्वाची: विमा आहे, पण कंपनी तो नाकारते. ट्रॅक्टरचा विमा असतो आणि ट्रॉलीचा नसतो, जरी कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. शेतीकामासाठी म्हणून विमा उतरवलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढत असतो, किंवा चालकाकडे योग्य परवाना नसतो. अशा वेळी कंपनी अटींचा भंग झाल्याचा मुद्दा काढते. परवान्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वर्णसिंग निकालात ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ ही वाट मोकळी केली, पण प्रत्येक प्रकारच्या भंगाला ती लागू होईलच असे नाही.

ज्यांनी ‘फुल इन्शुरन्स’ घेतला आहे, त्यांनी पहिला दावा स्वतःच्याच कंपनीकडे करावा, यात दुमत नको. अमेरिकेत समोरच्याचा विमा अपुरा पडला तर कामी येणारे वेगळे संरक्षण विकत घेता येते. तसे आपल्याकडे नाही, म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हाच त्याचा पर्याय. पण तो पूर्ण भरपाई देत नाही. मानू या की सहा वर्षे वापरलेली, १,२०० सीसीची कार आहे आणि दुरुस्तीचे बिल १,२०,००० आले. पत्र्याचे भाग ५०,००० चे, प्लास्टिकचे ३०,००० चे, काचा १०,००० च्या, मजुरी २०,००० आणि रंगकाम १०,०००. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, म्हणून पत्र्याचे ३०,००० मिळतील. प्लास्टिकवर गाडीचे वय काहीही असले तरी ५० टक्के, म्हणजे १५,०००. काच व मजुरी पूर्ण. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ८,७५०. बेरीज ८३,७५० होते. त्यातून सक्तीची १,००० रुपयांची वजावट गेली की हाती येतात ८२,७५०. उरलेले ३७,२५० रुपये मालकाच्या खिशातून जातात. शिवाय दावा न केल्याबद्दल साठत आलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, पुढच्या नूतनीकरणात शून्य होते. गाडी गॅरेजमध्ये पडून असताना भाड्याच्या गाडीवर झालेला खर्च यात धरलेलाच नाही. चूक दुसऱ्याची असूनही एवढा भुर्दंड नुकसानग्रस्तावर पडतो.

इथे बहुतेक जण थांबतात. कंपनीने पैसे दिले म्हणजे प्रकरण संपले, अशी समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत हे खरे, पण न भरून निघालेला भाग चूक करणाऱ्याकडून मागण्याचा हक्क शाबूत असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१०च्या इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या निकालात विमा कंपनीच्या प्रतिस्थापन हक्काची उकल केली आहे. कंपनी पैसे दिल्यानंतर विमाधारकाच्या जागी उभी राहते. पण विमाधारकाचे नुकसान दिलेल्या रकमेहून जास्त असेल, तर वसुलीतून आधी त्याची तूट भरून निघते, उरलेले कंपनीचे. अर्थात, विमाधारकाने आपले सगळे हक्क कंपनीच्या नावे लिहून दिले नसतील तरच हे खरे ठरते. म्हणून क्लेमच्या वेळी सही घेतात ते ‘पूर्ण व अंतिम’ पावतीचे आणि हक्क सोडल्याचे कागद वाचून सही करावी, आणि ही रक्कम फक्त माझ्या पॉलिसीखालच्या देण्यापोटी आहे, असे तिथेच लिहावे. आपली कंपनी समोरच्याच्या मागे लागेल या भरवशावर राहू नये. विमा कंपन्यांमध्ये आपापल्या ग्राहकाचे नुकसान आपणच सोसायचे, असा ‘नॉक फॉर नॉक’ करार आहे. आणि समोरचा विम्याविना असेल, तर सत्तर-ऐंशी हजारांसाठी कंपनी ट्रॅक्टरवाल्यावर दावा लावील, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

आता पोलीस ठाण्याकडे वळू. माणूस जखमी नाही, नुसते गाडीचे नुकसान आहे, तेव्हा ‘आपसात मिटवून घ्या’ असा सल्ला ठाण्यातून मिळतो. हा सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण नुकसानग्रस्ताची बाजू तिथेच लंगडी होते. बेदरकारपणे वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१खाली दखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी कोणी जखमी व्हावे लागत नाही. विम्याविना वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६खाली वेगळा गुन्हा आहे: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गुन्हा नोंदला की वाहन ताब्यात येते, स्थळपंचनामा होतो, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उषा देवी प्रकरणात सर्व राज्यांना जो नियम करायला सांगितला, तो इथे कामाचा आहे. अपघातात सापडलेल्या वाहनाचा विमा नसेल, तर मालकाने भरपाईइतकी पुरेशी हमी दिल्याशिवाय न्यायालयाने ते सोडू नये. तीन महिने उलटले तर लिलाव करून पैसे अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करावेत. ज्या दिल्लीच्या नियमाच्या धर्तीवर हे निर्देश आहेत, त्यात मृत्यू व इजेबरोबर मालमत्तेच्या नुकसानीचाही उल्लेख आहे. वाहन सोडवायचा अर्ज केजच्या न्यायालयात येतो तेव्हा नुकसानग्रस्ताने वकिलामार्फत लेखी हरकत घ्यावी, दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडावे आणि हमीची मागणी करावी. एकदा साध्या सुपूर्तनाम्यावर ट्रॅक्टर बाहेर पडला की तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो, विकला जातो, आणि मालकाला तडजोडीची निकड उरत नाही.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि तो हलक्यात घेऊ नये. केज हा दुष्काळी पट्टा आहे. ट्रॅक्टर फायनान्सवर घेतलेला असतो, हप्ते हंगामाच्या कमाईवर चालतात. ऐन हंगामात तो अडकवला तर एक कुटुंब बुडेल, आणि तेही एका कारच्या पत्र्यासाठी. पण याच्या दोन बाजू आहेत. ज्याची गाडी फुटली तोही नेहमी श्रीमंत नसतो. जीप भाड्याने चालवणाऱ्याची किंवा सेकंडहँड कारमधून औषधांची फिरती करणाऱ्याची कमाई त्या गाडीवरच असते. दुसरे असे की हमी मागणे म्हणजे ट्रॅक्टर कायमचा अडकवणे नव्हे. हमी दिली की तो त्याच दिवशी सुटतो. विम्याचा हप्ता वाचवून जो धोका मालकाने स्वतःवर घ्यायला हवा होता, तो त्याने रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर टाकला. हमीमुळे तो धोका मूळ जागी परत जातो, इतकेच. मला यात अन्याय दिसत नाही.

जागेवर मिटवण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. दहा-वीस हजार हातावर टेकवले जातात, पंच म्हणून चार माणसे उभी असतात, आणि आठ दिवसांनी गॅरेजवाला सांगतो की रेडिएटरचा सपोर्ट वाकला आहे, चेसिस ओढून घ्यावी लागेल. त्या वेळी समोरचा फोन उचलत नाही. शिवाय आपल्या कंपनीला न कळवता तडजोड केली, तर तिचा समोरच्याविरुद्धचा हक्क बुडतो आणि ती आपला क्लेम अडवू शकते. मिटवायचेच असेल तर गाडी उघडून पाहिल्यानंतर, कंपनीला कळवून, कागदावर आणि रक्कम बँकेतून घेऊन मिटवावे.

न्यायाधिकरणाकडे जायचे म्हटले की लोक कचरतात, कारण तिथे फक्त मृत्यू आणि जखमींचे दावे चालतात अशी समजूत आहे. कलम १६५ स्पष्ट शब्दांत तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही अधिकार न्यायाधिकरणाला देते, आणि कलम १७५मुळे त्यासाठी दिवाणी दावा लावताच येत नाही. अर्ज अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे करता येतो. ट्रॅक्टर सोलापूर जिल्ह्यातला असला तरी केजच्या माणसाला तिकडे जायची गरज नाही, अंबाजोगाई किंवा बीड पुरे. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालेले असले तरी शहाण्याने मुदतीत अर्ज करावा. प्रतिवादी कोण, याचा विचार नीट हवा. केज-अंबाजोगाईच्या बाजारात वाहन बाँडवर विकले जाते आणि आरसी बुकात जुन्याच मालकाचे नाव राहते. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८च्या निकालात सांगितले की नोंदीवर ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार, मग त्याने वाहन कितीदाही विकलेले असो. म्हणून नोंदणीकृत मालक, प्रत्यक्ष ताबेदार, चालक, ट्रॉलीचा मालक आणि विमा असेल तर कंपनी, सगळ्यांना पक्षकार करावे. ही नावे देण्याचे बंधन कलम १६०ने पोलीस ठाणे व परिवहन कार्यालयावर घातलेले आहे.

मालमत्तेचे दावे फसतात ते बहुधा पुराव्यात. बिल दाखल केले म्हणजे ते सिद्ध झाले असे नाही. ज्याने बिल दिले त्या गॅरेजवाल्याला आणि ज्याने नुकसान मोजले त्या परवानाधारक सर्वेअरला साक्षीला उभे करावे लागते. कच्च्या चिठ्ठीवर केलेली दुरुस्ती स्वस्त पडते, पण तिच्यावर न्यायाधीश पैसे देत नाहीत. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्याने दुरुस्तीआधी स्वतःच्या खर्चाने सर्वेअर बोलवावा, कारण त्याच्यासाठी हा दावा एकमेव मार्ग आहे. दुसरा धोका सहभागी चुकीच्या आरोपाचा. कार मागून ट्रॉलीवर आदळली की ‘तुम्हीच धडकलात’ असे उत्तर येते. रस्त्यावर दिव्याविना उभ्या असलेल्या टँकरवर कार आदळली, त्या अर्चित सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कारचालकाची सहभागी चूक मानली नाही. पण ट्रॉलीला दिवा नव्हता हे दाखवावे लागते. वाहने हलवण्याआधी ट्रॉलीच्या पाठीमागचा भाग, नंबर प्लेट, रस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो घेतले, आणि पंचनाम्यात ‘रिफ्लेक्टर नाही’ हे शब्द लिहून घेतले, तर तिथेच अर्धी लढाई होते.

राहिला सर्वांत मोठा आक्षेप: निकाल लागला तरी पैसे कुठून येणार? विम्याविना वाहन चालवणारा माणूस निकालाला घाबरत नाही, असे म्हणतात. शहरातल्या भाडेकरूच्या बाबतीत हे बरेचसे खरे असेल. केज तालुक्यात मात्र ट्रॅक्टरचा मालक बहुधा जमीनधारक असतो. कलम १७४खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे प्रकरण तहसीलदाराकडे येते, नोटीस निघते, जप्तीची पाळी आली तर ती जमिनीवर येऊ शकते. सातबारावर बोजा चढण्याची शक्यता दिसली की बँकेच्या पीककर्जाची अडचण मालकाला आधी दिसते. शेतीची अवजारे, बैल, बियाणे यांना जप्तीतून सूट आहे, आणि ती असायलाच हवी. दुसरी वाट २०१९च्या दुरुस्तीने दिली. कलम १६९खाली न्यायाधिकरणाला स्वतःच्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी दिवाणी न्यायालयाचे सगळे अधिकार मिळाले. कारखान्याकडे ट्रॅक्टरमालकाचे ऊसवाहतुकीचे बिल येणे असते. ते येणे म्हणजे त्याचे कर्जदाराकडचे पैसे, आणि दिवाणी प्रक्रियेनुसार असे येणे तिसऱ्याच्या हातात असतानाच जप्त करता येते. हंगाम चालू असताना हा अर्ज झाला तर त्याचा उपयोग, हंगाम संपल्यावर बिल उचललेले असते.

वेळ लागतो, वकिलाची फी जाते, हे खरेच. पंधरा-वीस हजारांच्या तुटीसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी असे मीही म्हणणार नाही. पण लाखाच्या घरातल्या नुकसानीत, आणि विशेषतः ज्याच्याकडे स्वतःच्या गाडीचा विमाच नाही त्याच्या बाबतीत, अर्ज न करणे म्हणजे सगळे सोडून देणे. अर्ज दाखल झाल्यावर तो लोकअदालतीत नेता येतो. तिथला निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१नुसार हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हप्त्यांनी पैसे द्यायचे ठरले आणि मालकाने ते थकवले, तर पुन्हा नव्याने दावा लावावा लागत नाही.

कायद्यात एक पोकळी मात्र खरी आहे. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात, फुटलेल्या गाडीला काहीच नाही. मोटार वाहन अपघात निधीही माणसांच्या उपचारासाठी व भरपाईसाठी आहे. ज्या १९४६ साली आपल्याकडे सक्तीचा विमा लागू झाला, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी मोटार इन्शुरर्स ब्युरो उभा केला. आज तो विम्याविना चालकाने केलेल्या वाहनाच्या नुकसानीचीही, काही अटींवर, भरपाई देतो, आणि त्याचा पैसा विमा कंपन्यांच्या वर्गणीतून, म्हणजे शेवटी हप्ता भरणाऱ्यांकडूनच येतो. प्रामाणिक माणसाने बेपर्वा माणसाचा भार का उचलावा, असा त्यावर प्रश्न येतो. पण तो भार आजही प्रामाणिक माणूसच उचलतो. फरक एवढाच की आपल्याकडे तो ज्याला धडक बसली त्या एकट्याच्या वाट्याला येतो. निदान उपजीविकेच्या वाहनांपुरता, ठरावीक मर्यादेपर्यंत, असा निधी आपल्याकडेही उभा करता येईल, आणि त्यात भर घालायला विम्याविना वाहनांकडून वसूल होणारा दंड आहेच. तोवर केजच्या वाहनमालकाला आधी आपली पॉलिसी, मग ठाण्यातली फिर्याद आणि सहा महिन्यांच्या आत अंबाजोगाईचा अर्ज, याच क्रमाने चालावे लागेल.